थोडा वेळ बाहेर थांबा

कोरियात, सोलमध्ये त्या जानेवारीत भरदुपारीही खिडकीच्या काचेवर बर्फाची साय धरत होती. ओक ह्येसनने भांडी विसळली, केस बांधले, पांढरा शर्ट चढवला आणि ती लॅपटॉपसमोर बसली. खाली पायजमाच होता. ऑनलाइन इंटरव्ह्यूत कमरेखालचं कोणाला दिसतं?

जुनी कंपनी बुडाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. सुरुवातीच्या नकारांना ती रडली, पुढच्यांना चिडली. आता नकाराची मेल आली की ती वाचायची आणि भात लावायला उठायची. गावी आईला फोन करणंही तिने सोडलं होतं. सांगणार काय?

पडद्यावर प्यो नावाचे गृहस्थ आले. पन्नाशीचे, थकलेले, बोलायला मऊ.

"ह्येसन मॅडम, नियम आहे म्हणून सांगतो. जरा कॅमेरा खोलीभर फिरवा. उत्तरं सांगायला कोणी बसलेलं नाही ना, एवढंच बघायचं."

तिने फिरवला. गादी, शेगडी, न्हाणीघराचं उघडं दार. त्या एवढ्याशा खोलीत लपायला जागा तरी कुठे होती!

प्रश्न ओळखीचा निघाला. हजारो माणसं एकाच वेळी गाडीचं तिकीट काढताहेत, पण एक जागा दोघांना जाता कामा नये; तसा प्रोग्राम लिहायचा. तिची बोटं आपोआप चालू लागली. खोलीत फक्त कीबोर्डची टकटक आणि फरशीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याची गुरगुर.

मग कुठूनसा ओल्या लोकरीचा वास आला.

"ह्येसन मॅडम..." प्यो अडखळले. "तुमच्या मागे उभे आहेत, त्यांना..."

"मागे कोणी नाही."

"वयस्कर आहेत. अंगात भिजलेला कोट..." त्यांचा आवाज खाली गेला. "ओठ हलताहेत त्यांचे. काहीतरी सांगताहेत तुम्हाला. असं चालत नाही हो. मला मुलाखत थांबवावी लागेल."

तिने वळून पाहिलं. नुसती भिंत. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतही ती एकटीच होती.

आपण घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत काही हललंच नाही. एकच विचार आला, हीपण नोकरी जाणार. भिंतीकडे तोंड करून ती अदबीने म्हणाली, "आजोबा, थोडा वेळ बाहेर थांबता का? माझा इंटरव्ह्यू चाललाय."

गालाजवळून काहीतरी गार सरकत गेलं.

"आभारी आहे. गेले ते," प्यो म्हणाले. "जाताना मला वाकून नमस्कारही केला."

आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

आठवड्याने होकार आला. ह्येसनने ती मेल पुन्हा पुन्हा वाचली. आनंद कुठे होत असावा, ते तिला आठवेना. मग गादीवर पाय पसरून तिने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आई, लागली नोकरी."

"अगं माझे बाई!" आई हसता हसता रडू लागली. मग एकदम थांबली. "तुझ्याकडे कोण आलंय गं?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? मला चांगलं ऐकू येतंय की. म्हातारं माणूस आहे कोणीतरी. विचारताहेत... इंटरव्ह्यू झाला असेल तर आत येऊ का."

ह्येसनला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आई... तू बोलू नकोस त्यांच्याशी."

"म्हणजे काय? या कडाक्यात म्हाताऱ्या माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवतात? हेच शिकवलं का मी तुला?" आणि फोनमधूनच आईने मोठ्याने हाक घातली, "या हो, आत या! पोरीचं काही मनावर घेऊ नका."

कुलूप वाजलं नाही. दार हललं नाही. दाराशी, जिथे पादत्राणं काढून वर यायचं, तिथे ह्येसनच्या बुटांशेजारी काळ्या पुरुषी बुटांचा एक जोड नीट लावून ठेवलेला होता. त्यातून पाणी निथळत होतं.

"बसले का गं ते?" आईने विचारलं.

गादीचा पलीकडचा कोपरा हळूहळू दबला. ह्येसनने पाय जवळ ओढून घेतले.

"बसले," ती म्हणाली.