शिडाला हिरवं ठिगळ

सुरतेत प्लेग आला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. डुमसच्या अलीकडे, खाजणाला बांध घालून केलेलं एक तळं होतं. भरतीला बांधातल्या मोरीतून, तिकडच्या भाषेत गरनाळ्यातून, समुद्राचं पाणी आत यायचं, ओहोटीला त्याच वाटेने ओढीने परत जायचं. रविवारी तिथे सुरतेची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं उतरत. पोरं गुडघाभर पाण्यात डुंबत, बायका भज्यांवर ताव मारत, पुरुष चटईवर पत्ते पिसत. आणि सगळ्यांची खरी करमणूक असे ती शिडाच्या फळ्यांची. लांबट फळी, तिच्यावर उभं शीड. फळीवर उभं राहून शिडाचा दांडा धरायचा आणि वारा नेईल तसं जायचं. ऐकायला सोपं. हौशी शेठलोक चढायचे आणि धपकन पाण्यात पडायचे.

या फळ्या सांभाळायला होता निंबा. धुळ्याकडचा माणूस, सुरतेतल्या पांडेसऱ्यात कपड्याच्या रंगाईत राबला. रंगाच्या वाफांनी छाती धरली, तेव्हा डॉक्टरने खुल्या हवेत जा म्हटलं आणि तो इथे आला. बायको सुंदरा काठावर भजी तळायची. पोरगी जागृती, तेरा वर्षांची, काडीसारखी. पण ती फळीवर चढली की बघणाऱ्याने घास तोंडात तसाच धरावा. कोणी न शिकवता शिकली. निंबा वरवर म्हणायचा, "पोरीच्या जातीला काय करायचंय हे." आणि ती निघाली की सगळी कामं टाकून बघत उभा राहायचा.

शनिवारी शीड कांदळाच्या खुंटात अडकून फाटलं. चांगली हातभर चीर. दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या मालकाचे पाहुणे मुद्दाम जागृतीला बघायला येणार होते. नवं शीड मुंबईहून यायचं, म्हणजे रविवार बुडालाच. निंबा विचार करत गरनाळ्याकडे गेला. तिथे, बांधाच्या दगडावर, त्याला ती साडी दिसली.

हिरवी, कोरी, घडी न मोडलेली. वर दगड ठेवलेला, शेजारी बांगड्या, कुंकू, फुटलेला नारळ. कोणीतरी पाण्याची ओटी भरली होती, हे त्याला कळलं. दुसरा कोणी असता तर हात जोडून पुढे गेला असता. पण पांडेसऱ्यात ज्याने आयुष्य काढलं, ज्याच्या घरात पडदे, उशा, पोरीचे फ्रॉक सगळं गिरणीच्या तुकड्यांचं, त्याचा हात आधी कापडाकडेच जातो. त्याने दोन बोटांत पदर चोळून पाहिला. घट्ट विणीचं नायलॉन. पाण्याला दाद देणार नाही. 'नाहीतरी भरती घेऊनच जाईल,' तो मनात म्हणाला, 'चांगलं कापड वाया कशाला घालवायचं?' बांगड्यांना मात्र त्याने हात लावला नाही.

पदराचा तुकडा कापून ठिगळ त्याने स्वतःच्या हाताने लावलं, दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन. सुंदराने विचारलं तेव्हा म्हणाला, "पांडेसऱ्यानं जुनं कापड शे."

रविवारी दुपार कलली तसा समुद्रावरून वारा उठला. जागृतीने फळीवर पाय रोवले, दोरी ओढून शीड पाण्यातून उचललं. नेहमीपेक्षा जड लागलं असावं, कारण ती दोनदा थांबली. मग शीड भरलं आणि ती निघाली. पांढऱ्या शिडावर हिरवं ठिगळ उठून दिसत होतं. काठावर टाळ्या पडल्या. मालकाने निंबाच्या पाठीवर थाप मारली. निंबाचा ऊर असा भरून आला की त्याला खोकल्याचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात वारा पडला.

भज्यांच्या गाड्यावरची पताका लोंबली. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. दुसरी फळी होती तिथेच उभी राहिली, तिचं शीड मेल्या पाखराच्या पंखासारखं खाली आलं. जागृतीचं शीड मात्र भरलेलंच होतं. फुगलेलं, ताठ. आणि फळी सावकाश, सरळ, गरनाळ्याच्या दिशेने चालली होती. ओहोटी लागली होती. गरनाळ्याच्या तोंडाशी पाणी गोल फिरत आत खेचलं जात होतं, त्याचा घोगरा आवाज इथवर येत होता.

"जागृती! दांडा सोड!" निंबा ओरडला.

तिने सोडला. दांडा सोडला की शीड पडतं, हा त्या खेळाचा पहिला धडा. ती फळीवर मटकन बसली, दोन्ही हात कानांवर ठेवून. शीड पडलं नाही. कोणी धरल्यासारखं तसंच उभं राहिलं...

शेजारी होडीवाला छिबूभाई येऊन उभा होता. इथलाच कोळी, केस पिकलेला. त्याची नजर शिडावर खिळली होती.

"निंबाभाई... आ कापड क्यांथी लाव्यो?"

निंबाने नुसतं गरनाळ्याकडे बोट केलं.

"अरे भगवान," छिबूभाई पुटपुटला. "ए तो वहूनी साडी छे."

मग त्याने भराभर सांगितलं, निम्मं गुजरातीत, निम्मं मोडक्या मराठीत. तीन उन्हाळ्यांपूर्वी बारडोलीकडच्या एका घराची नवी सून इथे बुडाली. तुमच्याच खानदेशची होती, आईबाप नसलेली, मामाने उजवून टाकलेली. सहलीला आली आणि गरनाळ्यापाशी गेली. कशी गेली, कोणी पाहिलं नाही. हाती काही लागलं नाही. तेव्हापासून सासू दरवर्षी येते, कोरी साडी ठेवते, पाण्याला सांगते, 'हे घे आणि इथेच राहा. घरी येऊ नको.'

"साडीथी बांधेली हती," छिबूभाई म्हणाला. "तें छोडी दिधी."

तो होडीकडे धावला. निंबा काठावरच राहिला. त्याला वास येत होता, भज्यांचा नाही, खारट चिखलाचा नाही. कोऱ्या साडीच्या खळीचा. आणि त्या पडल्या वाऱ्यात पाण्यावरून बांगड्या किणकिणत होत्या. जागृतीच्या हातात बांगड्या नव्हत्या.

सुंदराने सगळं ऐकलं होतं. तिने झारा टाकला, धावत पाण्यात शिरली, कमरेएवढ्या पाण्यात थांबली. आणि भर गर्दीत, शेठांच्या, पोराबाळांच्या डोळ्यांसमोर, तिने अंगावरचं लुगडं सोडलं. जी बाई दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ती परकर-चोळीवर उभी राहिली आणि लुगडं दोन्ही हातांनी पाण्यावर पसरलं.

"माय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण काठावर सगळे चिडीचूप झाले होते. "हाई मनं लुगडं ले. तुले माहेर नही ना? आजपाईन मी तुनी माय. मनी पोर सोडी दे."

लुगडं क्षणभर तरंगलं. मग मधोमध धरून कोणी घरात ओढून घ्यावं तसं सरळ खाली गेलं. एक बुडबुडा आला नाही.

गरनाळ्याच्या तोंडाशी शीड कोसळलं. छिबूभाईने होडी घातली आणि जागृतीला दंडाला धरून वर घेतलं. फळीही मागे बांधून आणली. निंबाने पोरीला छातीशी धरलं, तेव्हा तो हमसाहमशी रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. शिडाकडे त्याने नंतर पाहिलं. ठिगळ गेलं होतं. मेणाचा दोरा, टाक्यास टाका, चिरेच्या भोवती जागच्या जागी होता.

"काय बोलनी ती?" सुंदराने रात्री पोरीला विचारलं.

जागृतीने गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "इचारे, तुमनं घर कोठे शे..."

"मग?"

"मी सांगी दिधं."

निंबाने नोकरी सोडली. आठ दिवसांत ते पांडेसऱ्याच्या चाळीत परत आले. समुद्र लांब राहिला. वाफा परवडल्या, तो म्हणाला, पण पाणी नको. तेवढ्यात आखाजी आली. खानदेशी माणसाला आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा सण. चाळीतल्या लिंबाला झोके बांधले गेले. नवसारीहून, उधन्याहून पोरी आल्या, गाणी सुरू झाली. घरोघरी पुरण शिजलं, आमरस झाला.

सुंदराने चार ताटं वाढली.

"चौथं कोनले?" निंबाने विचारलं.

"शब्द दिधा ना मी," ती म्हणाली आणि ताटावर फडकं झाकलं. निंबाला राग आला, भीती त्याहून जास्त वाटली. तो बाहेर निघून गेला.

लिंबाखाली पोरी झोक्यांवरून उतरून एका कडेला उभ्या होत्या. गाणं मध्येच थांबलं होतं. जागृती त्यांच्यात होती. एक झोका हलत होता. रिकामा. मोठे, लांब झोके घेत होता. वारा असेल, निंबा म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. रंगाईच्या चिमणीचा धूर सुतासारखा सरळ आभाळात चालला होता.

तो पुढे झाला, त्याने दोरी धरली. दोरी ओली होती. बोटं ओठांना लागली, तर खारट.

घरातून सुंदराचा आवाज आला, माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तसा, मऊ. "दमी गई व्हशी माय, बस. कितला दिवस ऱ्हाशी?"

जागृतीने येऊन बापाचा हात धरला. ती दाराकडे बघत होती, कान देऊन.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ती सांगस, माले आते सासरे जानं नही."