झोरच्या कड्यावर सर्वांत मागे

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पाण्याच्या बाटल्या आणि केळी आणायला गेलो. कंपनीतल्या सुरेशने फोनवर तेवढंच काम माझ्याकडे सोपवलं होतं. दुकानदार हुसेनने केळी पिशवीत भरता भरता विचारलं, "साब, मॅडम नहीं आयी आज?" आणि लगेच त्याचा हात थांबला. विसरला होता बिचारा. मी पैसे ठेवले आणि बाहेर पडलो.

उल्का गणपतीत गेली होती. दम्याचा झटका आला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. तिला नाशिकला नेऊन, सगळं करून मी कुवेतला, अहमदीला परत आलो, तेव्हा कंपनीच्या त्या जुन्या बंगल्यात फक्त एसीचा आवाज राहिला होता. डिसेंबर लागला तसा सुरेश मागे लागला. "घरात बसून भिंती मोजणार आहात का? चला पळायला."

आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या मराठी मंडळींतले काहीजण थंडीत दर शुक्रवारी खाडीच्या पलीकडे झोरच्या कड्यावर पळायला जात. कुवेतमध्ये डोंगर म्हणावं असं तेवढंच आहे. पिवळट, ठिसूळ दगडाचा लांबलचक कडा, मधे मधे पाण्याने कापलेल्या घळी, आणि पायथ्याशी खारवट जमीन थेट खाडीपर्यंत. युद्धात पेरलेले सुरुंग सगळे निघाले असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. म्हणून गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या वाटेवरूनच पळायचं, वाट सोडायची नाही. वाट माहीत असलेला एकजण सर्वांच्या पुढे आणि एकजण सर्वांच्या मागे. मागच्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटाने शेवटच्या भिडूला कधीही ओलांडायचं नाही, मग तो कितीही हळू चालो.

"पिंगळेसाहेब, आज शेपूट तुम्ही," सुरेश म्हणाला. "वेगही त्याला साजेसा आहे."

कोणीतरी हसलं आणि पटकन गप्प झालं. माझी थट्टा करायची की नाही, हे लोकांना त्या दिवसांत कळत नसे.

माझ्या पुढचा भिडू होता जयराम. देवगडकडचा, खैतानमध्ये राहणारा फिटर, अंगाने आडवा. नुकताच कुवेतला आला होता आणि आमच्यात पहिल्यांदाच येत होता.

"काय ओ साहेब, ह्याला डोंगर म्हणता?" त्याने कड्याकडे पाहिलं. "आमच्याकडे ह्याला सडा म्हणतात. ह्याच्यावर म्हशी चरतात."

"मग पळा की म्हशीच्या पुढे," सुरेश ओरडला, आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेपर्यंत जयराम बोलत होता. मग त्याचा दम त्याला पुरेना. बाकीचे दिसेनासे झाले. सूर्य कड्यामागे गेला आणि वाऱ्याने धूळ उठवली, बारीक, पिठासारखी. समोर दहा-बारा पावलांवर जयरामचा पांढरा बनियन तेवढा हलताना दिसत होता. पलीकडे, खाडीच्या पाण्याच्या टोकाला शहराचे दिवे लागले होते. तेही धुळीत मळकट दिसत होते. कुठल्याशा झुडपाचा कडवट वास येत होता. आमच्या बुटांखाली खडी करकरत होती.

मग मला तिसऱ्या माणसाची पावलं ऐकू आली.

ती माझ्या मागे होती.

मी थांबलो. पावलं थांबली. मी चालू लागलो, तीही चालू लागली. माझ्या मागे कोणी असणं शक्य नव्हतं. निघताना मी शेवटचा होतो. मेंढपाळ असेल, मी मनाशी म्हटलं. पण मेंढपाळाच्या श्वासाच्या शेवटी बारीक शीळ वाजत नाही.

ती शीळ मी वीस वर्षं उशीशेजारी ऐकली होती.

"अहो…"

अगदी हळू. वारा असूनही स्पष्ट.

"अहो… जरा हळू ना."

अहमदीच्या बागेत संध्याकाळी फिरताना ती रोज असंच म्हणायची. मी पुढे असायचो.

घरी आल्यापासून तिचा आवाज एकदा तरी ऐकू यावा म्हणून मी काय काय केलं होतं ते सांगत नाही. आणि तो आला तेव्हा माझ्या मानेवरचा घाम थंड पडला. मी वळलो नाही. स्मशानातून निघताना भावाने माझा दंड धरून सांगितलं होतं, मागे वळून बघायचं नाही. ते मला त्या क्षणी अगदी वेळेवर आठवलं. पण खरं सांगायचं तर मला रीत पाळायची नव्हती. मला भीती वाटत होती. तिची.

मी पळत सुटलो.

जयरामच्या बाजूने गेलो तेव्हा माझा खांदा त्याला लागला. "साहेब? काय झालं ओ? साहेब!" त्याने हाक मारली. मी थांबलो नाही. त्याची हाक लांब गेली, आणि धुळीत विरली.

गाड्यांपाशी पोहोचलो तेव्हा हेडलाइट लावून सगळे चहा पीत उभे होते.

"अरे वा, शेपूट आधी आलं!" कोणीतरी टाळी वाजवली.

सुरेशने टाळी वाजवली नाही. "जयराम कुठाय?"

"येतोय," मी म्हणालो. "मागेच आहे."

"तुमच्या मागे?"

मी केळ्याची पिशवी शोधू लागलो. धुळीत वाट दिसत नव्हती, हेडलाइटचा उजेड चार हातांवर अडत होता. डावीकडे घळ होती, आणि घळीत गेल्या वर्षी एका उंटाचा पाय उडाला होता. ते तिथे सर्वांना माहीत होतं. जयरामला नव्हतं. मी परत जातो, असं मला म्हणता आलं असतं. सुरेश टॉर्च घेऊन एकटाच वर निघाला तेव्हाही मी गाडीला टेकून उभा होतो.

तो थोडा वर गेला असेल, तेवढ्यात धुळीतून बनियन दिसला. जयराम संथ चालत येत होता. घाबरलेला नव्हता. सुरेशही त्याच्यामागून खाली आला.

"साहेब, गेलात कुठे तुम्ही?" त्याने मला विचारलं, रागाने नाही. "मी तर चुकलोच होतो. डावीकडे उतरत होतो. त्या बाईंनी अडवलं म्हणून बरं."

"कुठल्या बाई?" सुरेशने विचारलं.

"आपल्यातल्याच असतील ना? मराठी बोलत होत्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. मला धाप लागली तर म्हणाल्या, बसू नका, बसलं की जास्त लागते. इथपर्यंत आल्या सोबत."

सगळे एकमेकांकडे बघत होते. आमच्यात त्या दिवशी एकही बाई नव्हती. ते बूट मीच तिला फहाहीलच्या बाजारात घेऊन दिले होते. मी सांगायला हवं होतं. सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं की ती माझी बायको.

"मग कुठायत त्या?" सुरेशचा आवाज उतरला.

"परत गेल्या वर. मी म्हटलं, वहिनी, अंधार पडला, चला. तर म्हणाल्या…" जयरामने टॉवेलने तोंड पुसलं. "म्हणाल्या, आमचे हे अजून मागे आहेत. त्यांना घेऊन येते."

सुरेशने टॉर्च कड्याकडे धरला. धूळ फिरत होती. मग तो माझ्याकडे वळला. तो उल्काला ओळखत होता. आमच्या घरी जेवला होता.

"पिंगळेसाहेब," तो अगदी हळू म्हणाला. "वर कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "कोणी नाही."

त्याने मान खाली घातली. आम्ही गाडीत बसलो. मी मागच्या सीटवर, जयरामच्या शेजारी. काचा वर होत्या, तरी ऐकू आलं. कड्याच्या वरून, दमलेल्या, रडकुंडीला आलेल्या माणसाची हाक, माझ्याच आवाजात.

"उल्का… थांब. आलो मी…"

जयराम दचकून माझ्याकडे वळला आणि माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिला.