गुणिले अडुसष्ट

संस्थेतली खरी थंड खोली एकच, संगणकांची. माणसांना पंखे आणि यंत्रांना एसी, असा तिथला न्याय होता. भर उन्हाळ्यात शाल पांघरून थोरली त्या खोलीत शिरली, तर दोन कपाटांमधल्या बोळात खुर्ची टाकून एक गृहस्थ खुशाल डोळे मिटून पडलेला.

"इथं बसायला परवानगी लागते," ती म्हणाली.

त्यानं एक डोळा उघडला. "बसायला लागत असेल. मी झोपलोय."

हा वरच्या मजल्यावरचा दुर्बीणवाला. ताऱ्यांच्या मधे जे काळेकुट्ट गार ढग असतात, त्यांच्याकडे रेडिओ दुर्बिणीनं बघत बसणं हा त्याचा धंदा. त्याच ढगांत कुठला अणू कुणाला चिकटतो नि कुणाला सोडून जातो, याचं गणित संगणकावर मांडणं हा थोरलीचा. दोघांचा विषय एकच, नायट्रोजन. त्यात साधा किती आणि त्याचा जड भाऊ किती, एवढंच जगाला सांगायचं होतं. जगानं विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

एवढ्या थंडीत अणूंना काही सुचतं तरी का, असं त्यानं जांभई देत विचारलं. उणे दोनशे त्रेसष्ट अंशांत फारसं सुचत नाही, असं ती म्हणाली. पण जड नायट्रोजन एखाद्या रेणूत शिरला की साध्यापेक्षा जरा घट्ट बसतो. बाहेर पडायला ऊब लागते, आणि तिथं ती कुठून मिळणार?

"म्हणजे प्रेमानं नाही... निव्वळ थंडीनं राहतो."

"बरेच संसार तसेच टिकतात."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून यायचे. दुसऱ्या दिवशी थोरलीनं येताना एक जास्तीची शाल आणली. कुणासाठी, ते तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

महिन्याभरात अहोचं अरे झालं. तो मोजमापं आणायचा, ती गणितात घालायची, आणि एका टेबलावर दोघांची कोपरं जरुरीपेक्षा जवळ टेकायची. मोजण्याची पद्धत मात्र नामी होती. ढगात साधा रेणू इतका भरून असतो की त्याची वर्णपटातली रेषा दाटून जाते, मग कितीही बघा, नेमकं काही कळत नाही. म्हणून या धंद्यातले लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. त्याचं एक दुर्मिळ भावंड असतं, जड कार्बनचं. ते मोजायचं आणि अडुसष्टनं गुणायचं. अडुसष्टच का? तर सगळे अडुसष्टनंच गुणतात म्हणून.

थोरलीलाही एक भावंड होतं. धाकटी दातांची डॉक्टर होत होती आणि संध्याकाळी ताईला न्यायला स्कूटर घेऊन यायची. दुर्बीणवाला तिच्याशी फाटकाशी बोलत उभा राहायला लागला. पुढे घरीही यायला लागला. आई म्हणाली, हा ढगवाला जेवायला थांबतो, पण मुद्द्याचं काही बोलत नाही. थोरलीला मात्र त्याचा हा लाजाळूपणा गोड वाटला. बिचारा आधी अंदाज घेतोय! तिनं त्याला थेट विचारलं नाही. आपणहून विचारणं बरं दिसतं का? ती धाकटीला विचारायची, आज काय म्हणत होता.

"विचारत होता, ताई लवकर चिडते का गं."

त्या एका वाक्याला थोरलीनं मनातल्या मनात अडुसष्टनं गुणलं आणि सबंध आठवडा मजेत घालवला.

पावसाळा सरता सरता तिच्या गणितातून एक भलतंच निघालं. इतक्या थंडीत कार्बनचं भावंडही आपलं प्रमाण पाळत नाही. कधी अडुसष्ट, कधी त्याच्या दुप्पट, कधी अर्धंच. दुर्बीणवाल्याची सगळी उत्तरं पुन्हा काढायला लागणार होती. ते त्याला सांगायचं, आणि हिंमत गोळा झालीच आहे तर दुसरंही सांगून टाकायचं, असं ठरवून तिनं त्याला थंड खोलीत बोलावलं.

गुणाकार चुकलाय हे ऐकून त्यानं आपल्या वहीतले आकडे पुन्हा एकदा चाळले.

"मग खरं कळणार कसं?"

"थेट बघून. दाट रेषेच्या कडेला एक फिकी रेषा असते, ती दाटत नाही. वेळ फार लागतो, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नाही." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मला आणखी एक—"

"मलाही थेटच विचारायचंय," तो म्हणाला. "धाकटीबद्दल."

तिनं बोटाला गुंडाळलेलं शालीचं टोक सोडवलं.

"हसशील," तो म्हणाला. "आधी मी तुझ्याबद्दलच विचारायला जायचो तिच्याकडे."

"मग?"

"ती म्हणाली, ताईला ढगांपुढे माणसं दिसत नाहीत. मग विचारणं सुटलं... जाणं काही सुटलं नाही."

ते वाक्य थोरलीनंच धाकटीला पढवलं होतं, लग्नाचं विचारणाऱ्या मावशीचं तोंड बंद करायला. पोरीनं इमानानं सगळ्यांना सारखंच ऐकवलं.

"मला विचारायचंस."

"तुझ्याकडे बघून काही कळायचंच नाही गं. तू माझी चेष्टा करतेस तशीच शिपायाचीही करतेस."

शिपायाला तिनं कधी शाल दिली नव्हती. पण हे मोजमाप आता द्यायचं कुणाला?

"आईला मी सांगते," ती म्हणाली.

दोघांचा शोधनिबंध छापून आला. अडुसष्टवर विसंबू नये, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. तो वाचला सहा-सात जणांनी, आणि त्यातले निम्मे रागावले.

लग्न ठरलं त्या संध्याकाळी घर माणसांनी भरून गेलं होतं. मावशीनं सवयीनं विचारलं, आता थोरलीचं कधी? धाकटीनं जुन्या इमानाला जागून सांगितलं, ताईला ढगांपुढे माणसं दिसत नाहीत. सगळे हसले. थोरलीही हसली, नाहीतर बरं दिसलं नसतं.

खुर्च्या कमी पडत होत्या. ती भिंतीला टेकून उभी आहे हे बघून तो लगबगीनं उठला.

"ताई, तुम्ही बसा ना."

ती बसली. खुर्ची अजून उबदार होती.