मधला माणूस

ती भांडायला आली होती. पण पेशंटच्या स्टुलावर टेकते न टेकते, तोच डॉक्टरांनी मान वर न करताच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुसफुस हवा भरायला सुरुवातही केली.

"मी पेशंट नाही."

"सगळे असंच म्हणतात... बीपी वाढलंय."

"तुमच्यामुळे वाढलंय."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. डोळे छान होते. त्यामुळे ती आणखीच चिडली.

आरोग्य खात्यात म्हणे सुधारणा झाली होती. ज्यांना गोळीपेक्षा सोबतीची गरज आहे, त्यांना फॅमिली डॉक्टरांनी सेवाभावी संस्थेकडे पाठवायचं. संस्था म्हणजे ती, दोन निवृत्त शिक्षिका आणि एक गळका नळ. आणि हे महाशय ऊठसूट कुणालाही तिच्या गळ्यात मारत होते. आज तर सुजलेल्या गुडघ्याच्या आजींना पाठवलं होतं, गप्पा मारायला.

"गुडघा तुम्ही बघायचा, गप्पा आम्ही मारायच्या," तिने ठणकावलं.

"आजी सगळा वेळ सुनेबद्दलच बोलल्या. गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही."

"जिना चढताना पाहिलंत त्यांना?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "नाही... चुकलं माझं."

भांडायला आलेल्या माणसासमोर इतक्या लगेच चूक कबूल करायची, हा शुद्ध अन्याय होता.

मग दर गुरुवारी भांडण ठरलेलंच. डॉक्टर आता पेशंटना जिन्यापर्यंत सोडायला जाऊ लागले, तिच्यासाठी चहा झाकून ठेवू लागले. पण चुका करायचे काही थांबेनात. शेवटी वैतागून तिने खात्याकडे तगादा लावला, की आमच्यामध्ये एखादा माणूस नेमा, यांच्याशी बोलून माझं डोकं उठतं. खातं एरवी कुणाचं ऐकत नाही, तिचं मात्र ऐकलं. सोमवारपासून मधला माणूस येणार होता. तिने दवाखान्यात यायची आता गरज नव्हती.

हवं ते मिळालं, आणि ती दोन दिवस घरात भांडी आपटत राहिली. आईने विचारलं तर आईवरच खेकसली. त्या माणसाला निदान गुरुवारी तरी पाहता यावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटच्या गुरुवारी ती गेली.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले. "सुटलात माझ्या तावडीतून."

"हो. सुटले."

डॉक्टर स्टेथोस्कोपशी चाळा करत राहिले. "जाता जाता एक पेशंट घ्याल? तब्येत ठणठणीत आहे. पण एकटाच राहतो... संध्याकाळी बोलायला कुणी नाही. गुरुवारची वाट बघत बसतो."

"वय?"

"चौतीस."

तिचे कान गरम झाले. "ही केस मला घेता येणार नाही."

त्यांचा चेहरा पार उतरला. "का?"

एवढा शिकलेला माणूस, आणि सगळं फोडूनच सांगावं लागतं!

"संस्थेचा नियम आहे," ती वैतागून म्हणाली. "आपल्या माणसाची केस आपण घ्यायची नाही."