कागद न लावता

मी कागद लावत नाही, ही माझी फुशारकी कान्हे फाट्यापासून वलवणपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. जुन्या मोटारसायकलच्या मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, टायमिंग बसवताना बाकीचे मिस्त्री पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात. कागद सैल झाला, की ठिणगी तिथंच पडणार. मी म्हणायचो, कागद शिकाऊंना. रज्जाकला कान आहेत.

कान गेले त्याला दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते, दुसरं काय. ओठ बघतो आणि मान हलवतो.

कार्ल्याच्या मुक्तामावशी मुलाला, आदिनाथला घेऊन आल्या, तेव्हा टेम्पोत नथूभाऊंची विलायती गाडी होती. नथूभाऊ म्हणजे मावशींचे मालक, आदिनाथचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाआधी एकदा त्या गाडीचा आवाज ऐकायचाय, एवढंच मावशींचं मागणं. किक आदिनाथ मारणार होता. ठिणगी जरा लवकर पडली तर किक उलटी येते आणि नडगी मोडते, हे मला पक्कं ठाऊक. गल्ल्यात कागद होता. पण दारात बघे जमलेले, आणि आदिनाथ त्यांना माझे कान दाखवून काहीतरी कौतुकाचं सांगत होता. माझा ताठा आडवा आला.

मॅग्नेटोचे बोल्ट सैल केले. आदिनाथला किकची खूण केली. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

आणि ऐकू आलं.

धप्, धप्, धप्. जरा अडखळत, पण स्वच्छ. दोन वर्षांनी! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मॅग्नेटो केसभर फिरवला, ठोका सुधारला. अजून केसभर. मध्येच कुणीतरी खोकलं, तंबाखू ओढणाऱ्याचा घोगरा खोकला. ठोका एकसारखा झाला तसे बोल्ट आवळले.

डोळे उघडले. आदिनाथ समोर पेट्रोलची बाटली घेऊन उभा. त्याचे ओठ वाचले. "चाचा, आता ओतू का?"

टाकी कोरडी होती, किक अजून बसलीच नव्हती. कानात मात्र धप्, धप् चालूच होतं.

तेव्हा तरी सांगायचं. थांब पोरा, कागद लावून बघू, एवढंच. मी म्हणालो, "ओत. मार किक."

पहिल्याच किकला सायलेन्सरमधून धूर आला. मावशींनी तोंडाला पदर लावला. गाडी सुरू झाली हे मला त्यांच्याकडे बघून कळलं, कारण माझ्या कानातला आवाज त्याच क्षणी बंद पडला होता.

मग अगदी जवळ तोच खोकला.

"माझं पोरगं किक मारणार व्हतं, रज्जाक. कागद का न्हाई लावलास?"

वळून बघितलं. मागे नुसती भिंत.

आता लावतो. सगळ्यांदेखत. लोक हसतात, हसू देत. बाकी सगळं जग गप्पच आहे. कागद सैल होतो, तेव्हा तेवढा एक खोकला ऐकू येतो.