कॅरिअरवरचा काळा धागा

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

गाव लातूर. दोन हजार चोवीसचा एप्रिल. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची, साडेतीनची.

मावसभाऊ वैजनाथ शाळेत मास्तर. त्याचे वडील हणमंतराव, म्हणजे माझे काका. त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली. चौदा महिने तोंडून शब्द नाही.

वैजनाथने डोक्यात घेतलं, की काकांची बासष्ट सालची सायकल होती तशी उभी करायची. ती पाहून ते बोलतील. एकदा तरी ‘वैजू’ म्हणतील.

झालं. तिथून त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

दिवा मिळाला तर डायनामो बसेना. मडगार्ड आलं ते नव्या बनावटीचं, परत पाठवलं. जुनी म्हणून एकाने गळ्यात मारलेली घंटी घासली, तर खालून नवाकोरा पत्रा निघाला. आणि ह्याला हवं त्याच सालचं, दुसरं चालायचं नाही. बायको वर्षाराणी वैतागून म्हणाली, नटबोल्टांनी कुणाला वाचा फुटत नसते. त्यावर हा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. म्हणजे घरात न बोलणारे दोघे झाले.

शेवटी एकच वस्तू राहिली. मागचं कॅरिअर.

ते सापडलं कंधारला, नागाबाई नावाच्या म्हातारीच्या घरात, भिंतीतल्या देवळीत. वर हळदकुंकवाचे थर. खंडेनवमीला अवजारं पुजताना ती तेही पुजायची. कॅरिअरचा चाप काळ्या धाग्याने घट्ट बांधलेला होता. तिचा दीर व्यंकटी नेहमी त्यावर बसून फिरायचा, तरुणपणीच गेला, एवढंच तिने सांगितलं. काकांची हकीकत ऐकून तिचं मन विरघळलं.

"ने बाबा. पण धागा सोडू नको. पूजा चुकली तर चालंल, धागा न्हाई."

वैजनाथ हो म्हणाला. घरी आला आणि... धागा कापला.

कारण काय, तर बासष्टच्या सायकलीला काळा धागा नव्हता. हळदकुंकूही रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं.

दुसऱ्याच दिवसापासून मागच्या चाकाची हवा जायला लागली.

रोज. साडेतीनला.

आधी कॅरिअरची स्प्रिंग वाजायची... कर्र... मग टायर हळूहळू चपटा व्हायचा.

तीन ट्यूब बदलल्या. पंप मारून मारून वैजनाथचे हात भरून आले. सायकलीला शिव्या देऊन झाल्या, स्वतःलाही देऊन झाल्या. पंक्चरवाल्या संगप्पाने ट्यूब पाण्यात धरली. एक बुडबुडा नाही.

"ट्यूब चांगली हाय सर. पण डबलसीट येत जाऊ नका, फ्रेम जुनी हाय."

वैजनाथ एकटाच आला होता.

त्याने मागे वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं... संगप्पाने नजर फिरवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं चाक हातात घेतलं.

पण माणूस इतका कावला होता, की त्याला भीतीसुद्धा वाटेना. त्याच आठवड्यात गुरुवारी त्याने सायकल आत नेली आणि काकांच्या खाटेसमोर भिंतीला टेकवली.

साडेतीन वाजले.

कर्र...

काकांनी डोळे उघडले. वैजनाथकडे नाही पाहिलं. त्याच्या मागे पाहिलं.

चौदा महिन्यांनी ओठ हलले.

"व्यंकटी... लई उशीर केलास."

हे नाव वैजनाथने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि कंधारचा कुणी व्यंकटी काकांच्या ओळखीचा असल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही.

घाबरून त्याने कॅरिअर काढलं. काका पुन्हा मुके झाले. जेवणही सोडलं. तिसऱ्या दिवशी वैजनाथने कंधार गाठलं आणि धागा पुन्हा बांधला तर चालेल का म्हणून विचारलं.

नागाबाईने रिकाम्या देवळीकडे पाहिलं.

"बांध की. पण मग तुझा बाप बोलल का, ते मला इचारू नको."

त्याने कॅरिअर परत बसवलं. धागा न बांधता.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. दुपारी आम्ही दोघे बाहेर पायरीवर बसलो, कारण तो आत गेला की काका गप्प होतात. आतून काकांचा आवाज येत होता. ते काहीतरी विचारायचे... थांबायचे... आणि मग हसायचे.

वैजनाथच्या मांडीवर पंप होता.

"माझं नाव येतंय का रे?" त्याने हळूच विचारलं.

मी नीट कान दिला.

हो म्हणालो. खोटं बोललो.