बांधाच्या आतली हवा

“टेप घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजावा, पर बांध वलांडू देऊ न्हाई.”

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिचं हे सांगणं विजयश्रीच्या कानात ताजं होतं. चाकणच्या या अंगाला मोजणारं माणूस आलं की वर्षाच्या आत पत्र्याचं गोदाम उभं राहतं... आणि तिच्या दीड एकर कांद्याला तीन बाजूंनी कंपन्यांची कुंपणं आधीच भिडलेली.

म्हणून भोसरीत खोली घेऊन राहणारा नवनाथ नावाचा एक तरुण तिच्या वडिलांना विचारून वावरात चार पांढरे डबे रोवून गेला, तेव्हा तिनं तुळशीला पाणी घातलं, आणि मग चारही डबे उपटून गोठ्यात वैरणीखाली लपवले.

दुसऱ्या दिवशी तो आला. चार भोकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“डबे उगवले न्हाईत का अजून?”

हसू आलं तिला. तिनं ते दाबलं. “आधी सांगा, जमीन कुणासाठी मोजताय?”

“जमीन न्हाई हो, तिचा श्वास मोजतोय. शेतकी कॉलेजचं काम हाय. युरिया टाकून पाणी सोडलं की मातीतनं एक वायू वर जातो. त्यानं हवा तापते, अन् तीच तापलेली हवा अवकाळी होऊन...”

“आमच्याच कांद्यावर येती?” मागल्या चैत्रात काढून ठेवलेला कांदा तिच्या डोळ्यांदेखत सडला होता. “म्हंजी चोर आमीच, आन् चोरी बी आमच्याच घरी?”

“मोठे चोर निराळे.” त्यानं कुंपणापल्याडच्या धुराड्यांकडं मान वळवली. “पर आपल्या वाट्याचं किती, तेवढं तरी कळंल की.”

गोड बोलतो... गोड बोलणाऱ्याला तर जास्तच भ्यावं! ती आत गेली, देव्हाऱ्यातून बेलभंडार घेऊन आली.

“उचला, आन् शपथ घ्या.”

त्यानं चपला काढल्या. दोन्ही हातांनी उचलला. “या जमिनीचा सौदा माझ्या हातून व्हणार न्हाई.” बोटांना लागलेला हळदीचा पिवळा रंग त्यानं पुसला नाही – तेवढंच तिच्या मनात राहिलं.

तिनं गोठ्यातून काढून दिलेले डबे परत रोवत असतानाच त्याला फोन आला. जालन्याकडं गारपीट, त्याच्या आईची मोसंबी झोडपून निघाली होती.

“आठ दिवस जावं लागंल. इथं मात्र रोज दहाला झाकण लावायचं, अर्ध्या तासानं सिरिंजनं आतली हवा बाटलीत भरायची. एक दिवस चुकला की सगळं वाया.” तो तुळशीच्या ओल्या कट्ट्याकडं बघत होता. “रोज न चुकता काही करणारं माणूस... हाय का कुणी?”

“भरीन मी,” ती पुटपुटली. “आन् तुमी आलाच न्हाई तर?”

“डबे हायेत ना माझे.”

“डब्यांसाठीच येणार?”

“डबे तर...” त्यानं खाली पाहिलं, “कुणालाबी धाडून नेता येतात.”

पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन लागेना. आणि शेजारच्या चतुराबाईंच्या बांधावर टेप धरलेली दोन माणसं दिसली.

“तुज्या त्या डबेवाल्याचीच आसतील गं!” चतुराबाईंनी हाळी दिली. “आता बस बाटल्या भरत!”

खरंच असतील का? त्या पिवळ्या बोटांनीच...?

दहाला पाच मिनिटं कमी होती. त्यानं उचललेला भंडार खरा की खोटा, कुणास ठाऊक, पण शब्द तर तिनंही दिला होता. तिनं तुळशीला पाणी घातलं, सिरिंजचा पुडा घेतला, बांधावर चपला काढल्या, आणि पहिल्या डब्याकडं निघाली.